सामन्याच्या दोन दिवस आधी, मैदान सगळ्यांसाठी उघडं

कबड्डीचा अंतिम सामना शनिवारी असेल तर चाहत्यांचा दिवस, म्हणजे लोकांनी मैदानात येऊन संघाचा सराव जवळून बघायचा दिवस, गुरुवारी ठेवा. शुक्रवार कितीही सोयीचा वाटला तरी नको. आदल्या दिवशी वजन करायचं असतं, पायांना विश्रांती हवी असते आणि प्रशिक्षक शेवटच्या सातजणांची जुळणी करत असतात. गुरुवारी सरावात एखाद्याचं बोट मुरगळलं तरी मधे पूर्ण एक दिवस हाताशी राहतो.

कबड्डी बघणारी माणसं बडोद्यात पुष्कळ आहेत. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांत तर घरटी एकजण कधीतरी मातीत उतरलेला निघतो. पण सामन्याआधी संघ आणि त्याची माणसं एकत्र आली की बहुतेक वेळा होतो तो सत्कार. मंच, शाल, श्रीफळ, भाषणं, आणि खेळाडू खुर्च्यांवर अवघडून बसलेले. खेळ कुठेच दिसत नाही. ही पद्धत बदलावी असं आम्हांला मनापासून वाटतं, म्हणून सगळा तपशील एकत्र लिहितोय.

हा दिवस नीट कसा बसवायचा ते रग्बी लीगच्या क्लबांकडून शिकावं. १८९५ साली उत्तर इंग्लंडमधले २२ क्लब हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात जमले आणि मूळ रग्बी संघटनेपासून वेगळे झाले, त्यातूनच रग्बी लीग निघाली. भांडण होतं खेळायला गेल्यामुळे बुडणाऱ्या मजुरीचं. खाणीत आणि गिरणीत राबणाऱ्या खेळाडूंना ती भरून द्यायची मुभा या क्लबांना हवी होती. ऑस्ट्रेलियात आज स्टेट ऑफ ओरिजिनच्या, म्हणजे दोन राज्यांमधल्या, सामन्याआधी क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्सचे संघ चाहत्यांसाठी असा दिवस ठेवतात. लोक खेळाडूंना जवळून बघतात, सह्या घेतात, मुलं चेंडू घेऊन धावतात. कबड्डी कळणाऱ्याला तो खेळ लवकर कळतो. एका बाजूला १३ जण, आणि चेंडू असलेल्या संघाला सहा पकडींपर्यंत मुभा. सहावी पकड झाली की चेंडू समोरच्याकडे. आपल्याकडे दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, तसाच हा ताण.

आणि बडोद्याने तर यात मागे राहायचं कारणच नाही. हिंद विजय जिमखान्याने १९२३ मध्ये हुतुतूचे, म्हणजे आजच्या कबड्डीचे, नियम छापले आणि त्याच नियमांवर इथे अखिल भारतीय स्पर्धा भरवली. पुढच्याच वर्षी खो-खोचे नियमही बडोद्याच्याच जिमखान्यातून प्रसिद्ध झाले. ज्या गावाने देशाला खेळ कागदावर मांडून दिला, त्या गावात प्रेक्षकाला बोनस रेषा कुठली आणि निदान रेषा कुठली हे माहीत असायला हवं. या दिवसाचा खरा उपयोग तोच. गुरुवारी ज्याने रेषा जवळून पाहिली, तो शनिवारी पंचाच्या हाताकडे न बघता खेळाडूच्या पायाकडे बघतो.

आता मैदान. सामना मॅटवर असेल तर हा दिवसही मॅटवरच घ्या, कारण मातीत सराव केला की पावलाची पकड बदलते. पुरुषांचं क्रीडांगण १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, दोन्ही बाजूंच्या एकेक मीटरच्या लॉब्या (क्रीडांगणातलेच कडेचे पट्टे) धरून. एक मीटर चौरसाचे तुकडे असतील तर नुसत्या क्रीडांगणाला १३० लागतात. चारी बाजूंना एकेक मीटर जादा ठेवलं तर १५ गुणिले १२, म्हणजे १८०. ही कडेची पट्टी वाचवायचा मोह होतो, पण तो टाळाच. लॉबीबाहेर ढकलला गेलेला खेळाडू थेट फरशीवर किंवा खडीवर पडतो आणि कोपर फुटतं. प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर ओळ आणि क्रमांक मार्करने लिहून ठेवा. नाहीतर रेषा असलेले तुकडे भलतीकडे बसतात, निदान रेषा मधेच चार बोटं सरकते आणि अर्धा तास उचकटण्यात जातो.

मॅटखालची जमीन जानेवारीत जास्त काळजीने बघावी लागते. उत्तरायण आणि वासी उत्तरायण हे पतंगांचे दोन दिवस होऊन गेलेले असतात, आणि मैदानात मांजाचे तुकडे पडलेले असतात. मातीच्या रंगात ते दिसत नाहीत. मॅट टाकायच्या आधी सहाजणांनी बूट घालून, हातभर अंतर ठेवून, एका रांगेत मैदान चालायचं आणि मागून खराट्याने झाडून घ्यायचं. मग दुसरी फेरी आडव्या दिशेने. भोवतालच्या झाडावर लोंबणारा मांजाही काढा, तो मुलांच्या गळ्याच्या उंचीवर येतो. गोळा केलेला मांजा पिशवीत घालून तोंड बांधा. तसाच उकिरड्यावर टाकला की पक्षी अडकतात.

सामना मातीवरच असेल तर माती चाळून, हलकं पाणी मारून, रोलर फिरवून एक रात्र बसू द्या. आखणी खडूच्या पुडीने करा. कळीचा चुना नको. घामाने ओल्या झालेल्या गुडघ्याला तो लागला की कातडी भाजते, आणि डोळ्यात गेला तर फार वाईट.

मॅट स्वच्छ करायला आधी कोरडा झाडू, मग नुसत्या पाण्यात पिळलेलं फडकं. साबण किंवा फिनाईल वापरलं की वर पातळ थर राहतो आणि वाळल्यावरही पाय घसरतो. मॅटवर चपला-बूट बंद. मुलांच्या चपलांसाठी दोन माणसं नेमा आणि दोन रंगांच्या दोऱ्या आखून द्या. सगळ्यांना एकच कोपरा दिला तर निघताना तिथेच चेंगराचेंगरी होते.

इथे आपल्या घरच्या पद्धतींबद्दल थोडं. औक्षण जरूर करा, खेळाडूंना ते फार आवडतं, आणि आईच्या वयाच्या बायकांनी ओवाळलं की अंगावर मूठभर मांस चढतं. पण ते मॅटच्या बाहेर, किमान पाच-सहा पावलं दूर. निरांजनातलं तूप सांडतं, हळदीकुंकू उडतं, हारातल्या झेंडूच्या पाकळ्या पायाखाली येतात. चढाईपटू पूर्ण वेगात वळतो तेव्हा सगळा भार एका पावलाच्या चवड्यावर असतो. तिथे तुपाचा एक थेंब असला तर गुडघा फिरतो. नारळही बाहेरच फोडा, नाहीतर करवंटीची कपची मॅटच्या सांध्यात जाऊन बसते. हारांऐवजी एकेक गुलाबाचं फूल हातात दिलं तरी मान राहतो.

वेळ. मैदान चारला उघडायचं, सातला बंद. ४:२० ला संघ अंग मोकळं करायला उतरतो, ४:४५ ते ५:३० सराव, त्यानंतर चाळीस मिनिटं मुलांची, आणि ६:१० पासून सह्या. जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे सह्यांच्या टेबलावर आधीच दिवे लावून ठेवा. भाषणं असतील तर सगळी मिळून दहा मिनिटं, आणि ती संघ अंग मोकळं करायला उतरण्याआधी. अंग गरम झालेल्या खेळाडूला भाषणासाठी उभं केलं की स्नायू आखडतात, आणि मग लगेच वेगात चढाई केली की मांडीची मागची शीर धरते. पाहुण्यांना हे कारण आधी फोनवर नीट सांगितलं तर बहुतेकजण आनंदाने मानतात.

सह्या आधी घ्याव्यात असं पुष्कळांना वाटतं. तसं करू नका. सही मिळाली की निम्मी माणसं घरी जातात आणि सराव बघायला कोणी उरत नाही.

सराव कसा बघायचा, हे लाउडस्पीकरवरून सांगायला खेळ खेळलेला माणूस हवा, आणि तो मराठी व गुजराती दोन्ही बोलणारा हवा. एक वाक्य मराठीत, तेच गुजरातीत, असं तो बोलत गेला की शेजारच्या सोसायटीतली मुलंही जागची हलत नाहीत. त्याने सगळे नियम सांगू नयेत. एकच गोष्ट घ्यावी आणि ती दहा वेळा दाखवावी. आमच्या मते ती गोष्ट म्हणजे बोनस, चढाईत बोनस रेषा ओलांडून मिळणारा जादा गुण.

मध्यरेषेपासून निदान रेषा ३.७५ मीटरवर, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा, आणि तिथून अंतिम रेषेपर्यंत उरतात १.७५ मीटर. चढाईपटूने पुढचा पाय बोनस रेषेपलीकडे टेकवला तेव्हा मागचा पाय हवेत असला पाहिजे, आणि समोर किमान सहा बचावपटू असले पाहिजेत. टीव्हीवर हे वरच्या कॅमेऱ्यातून दिसतं, त्यामुळे मागच्या पायाचं काय झालं ते कळत नाही. मैदानावर कळतं. पाच-सहा मुलांना कडेच्या पट्टीबाहेर, बोनस रेषेच्या बरोबर समोर पालथं झोपवा, हनुवटी जवळजवळ जमिनीला. खेळाडूला सांगा, सावकाश कर. पुढच्या पायाचा अंगठा रेषा ओलांडतो, टाच खाली येते, आणि मागच्या पायाचा अंगठा मॅटपासून बोटभर वर असतो किंवा नसतो. त्या बोटभर फटीतून पलीकडचा उजेड दिसला तर गुण. दिसला नाही तर नाही. मग तीच हालचाल सामन्याच्या वेगाने. मुलं ओरडून सांगतात, "दिसला!" किंवा "नाही!", आणि तिसऱ्या-चौथ्या वेळेपर्यंत त्यांचा निकाल प्रशिक्षकाच्या निकालाशी जुळायला लागतो. मग त्यांच्या जागी मोठ्यांना झोपवा. आजोबांना खुर्ची द्या, पण तीही कडेला आणि शक्य तितकी बुटकी.

वेळ उरला तर पकड. कोपऱ्यातला बचावपटू घोट्याची पकड करतो तेव्हा दोन गोष्टी बघायच्या. एक, त्याचा अंगठा बोटांना चिकटून असतो, सुटा नसतो. सुटा राहिला की जोराच्या झटक्याने मागे वाकतो, म्हणून तर निम्म्या खेळाडूंचे अंगठे चिकटपट्टीने बांधलेले असतात. दुसरी, त्याचं डोकं. ते पायाच्या बाजूला जातं, गुडघ्यासमोर कधीच नाही. रग्बी लीगमध्येही लहान मुलांना ताकदीच्या आधी हेच शिकवतात, पकड करताना डोकं कुठे ठेवायचं ते. हे दोन मुद्दे ऐकलेली आई मुलाला कबड्डीला पाठवायला कमी घाबरते, असा अनुभव आहे.

या सरावात प्रशिक्षक शनिवारच्या ठरवलेल्या चाली दाखवणार नाहीत, आणि तसा आग्रहही धरू नये. तरीही साखळी (हात धरून उभी राहणारी बचावपटूंची जोडी) कोण कोणाबरोबर करतो, डाव्या कोपऱ्यात कोण उभा राहतो, हे समोरच्या संघाला मोबाइलच्या चित्रफितीतून कळू शकतं. म्हणून सात विरुद्ध सात खेळ चालू असेल ती दहा-पंधरा मिनिटं फोन खिशात ठेवायला सांगा, आणि कारणही सांगा. नुसती मनाई केली की लोक लपून घेतात. "आपल्याच संघाचा डाव बाहेर जाईल" एवढं सांगितलं की शेजारचाच शेजाऱ्याला थांबवतो.

मुलांच्या चाळीस मिनिटांत मुख्य सातजणांना उतरवू नका. ते कडेला अंग सैल करतात, अंग पुसतात, ट्रॅकसूट चढवतात. संघ बाराजणांचा असतो, तेव्हा बदली पाच खेळाडू आणि प्रशिक्षक मुलांना पुरतात. अर्धं क्रीडांगण लहानांना, अर्धं मोठ्यांना. गट वयापेक्षा वजन आणि उंची बघून करा. बारा वर्षांचा एक मुलगा तीस किलोचा असतो आणि दुसरा पन्नासचा. फक्त स्पर्शाचा खेळ, पकड नाही, हे शिट्टीआधी दोनदा सांगा. प्रत्येक चढाई तीस सेकंदांची, खऱ्या सामन्यासारखीच, आणि दम मोठ्याने घ्यायचा. लहान मुलांची चूक ठरलेली: "कबड्डी कबड्डी" आत गेल्यावर सुरू करतात. दम मध्यरेषा ओलांडण्याआधीच सुरू व्हायला हवा, हे खेळाडूने त्यांच्याबरोबर दोन पावलं चालून दाखवावं. तीस सेकंदांच्या हिशेबाने दोन्ही अर्ध्यांत मिळून चाळीस मिनिटांत, अदलाबदल धरून, सुमारे शंभर चढाया होतात. त्यापेक्षा जास्त मुलांची नावं घेऊ नका. नाव घेतलेल्या मुलाचा नंबर आला नाही तर ते रडत घरी जातं. मुलींचा गट वेगळा हवा की एकत्र, हे त्या मुलींनाच विचारा.

सह्यांचा हिशेब बहुतेक ठिकाणी चुकतो, म्हणून जरा सविस्तर. बारा खेळाडू एका लांब रांगेत बसवले आणि प्रत्येक माणूस एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत गेला, तर रांग सगळ्यांत हळू सही करणाऱ्याच्या वेगाने चालते. एका सहीला आठ-दहा सेकंद धरा. म्हणजे मिनिटाला सहाजण पुढे सरकतात, चाळीस मिनिटांत २४०. पण एकाने मधेच थांबून सेल्फी घेतली की वीस-पंचवीस सेकंद जातात आणि मागची सगळी रांग थांबते. प्रत्येकाने एकच सेल्फी घेतली तरी संख्या शंभरावर येते आणि बाकीचे हात हलवत परत जातात. म्हणून फोटो वेगळा. सह्या संपल्यावर संघ उभा राहतो, समोर दहा-दहाचा गट बसतो, एक माणूस एका जागेवरून फोटो काढतो. गटामागे अर्धा मिनिट, २४ गट, बारा मिनिटांत काम होतं. फोटो रात्री सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचे. मुलांचे फोटो टाकण्याआधी पालकांना विचारा.

सहीसाठी घरून वही आणायला सांगू नका. पानं उलटण्यातच वेळ जातो. पोस्टकार्डाहून जरा मोठं, जाड, चकचकीत नसलेलं कार्ड छापा, त्यावर बारा खेळाडूंची नावं आणि क्रमांक, प्रत्येकासमोर रिकामी जागा. चकचकीत कागदावर शाई वाळत नाही आणि अंगठ्याने पुसली जाते. तीनशे कार्डं, वीस बारीक टोकाचे पर्मनंट मार्कर. बारा टेबलावर, आठ राखीव. जर्सीवर सही हवी असेल तर कापडाच्या आत पुठ्ठा घालून ताणून धरा, नाहीतर शाई पाठीपर्यंत उतरते आणि अक्षर फाटतं. खुर्च्यांना पाठ हवीच. सराव करून आलेल्या माणसाला स्टुलावर चाळीस मिनिटं बसवणं बरोबर नाही.

खाण्याचं कळकळीने सांगायचं आहे. वरिष्ठ गटाच्या राष्ट्रीय पातळीवरच्या कबड्डीत पुरुषांना ८५ किलोची आणि महिलांना ७५ किलोची वजनमर्यादा असते. सामन्याच्या आठवड्यात काठावर असलेला खेळाडू अर्ध्या अर्ध्या किलोचा हिशेब ठेवतो. त्याला कौतुकाने सेव उसळ, भाकरवडी, पेढे पुढे केले की तो मोठ्या माणसांना नाही म्हणू शकत नाही, थोडं खातो आणि रात्री पळायला जातो. प्रेक्षकांसाठी सेव उसळीचा गाडा बोलवा, त्याशिवाय बडोद्याची संध्याकाळ पुरी होत नाही, पण तो फाटकाजवळ असू द्या. खेळाडूंचं पाणी, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत आणि केळी संघाच्या माणसाकडे. मिठाईचे डबे एका टेबलावर नावाच्या चिठ्ठीसकट गोळा करा आणि सामना झाल्यावर संघाला द्या. हे फलकावर लिहा, म्हणजे कोणा काकूंना वाईट वाटत नाही.

प्रेक्षकांचं पाणी माणशी अर्धा लिटर धरा. तीनशेजणांना दीडशे लिटर, म्हणजे वीस लिटरचे आठ जार. प्रथमोपचारात बर्फ, क्रेप बँडेज, चिकटपट्टी, निर्जंतुक पट्ट्या, आणि रिक्षावाला नव्हे तर गाडी घेऊन थांबलेला एक ठरलेला माणूस. लाउडस्पीकरची परवानगी आधी घ्या. स्वयंसेवक सोळा-सतरा पुरतात, त्यांतला एक फक्त घड्याळ आणि शिट्टी घेऊन उभा. त्याला दुसरं कुठलंही काम देऊ नका.

सातला संघ निघतो. त्यांना मागच्या दाराने काढा, फाटकातून नाही, कारण राहिलेली एक सही नेहमी तिथे दबा धरून असते आणि एकाला दिली की वीस गोळा होतात. त्यानंतर मॅट पुसायची, पूर्ण वाळू द्यायची, आणि क्रमांकाच्या उलट्या ओळीने उचलायची. शेवटच्या ओळीपासून रचत गेलं की शनिवारी वरचा तुकडा पहिल्या ओळीचा येतो. मार्करची टोपणं मोजा. एक कमी भरलं तर मॅटचा सांधा बघा, तिथेच सापडतं.